सुगंधनाथांचा चालता निखारा

"आला, आला! खांडा आला!"

लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात चिंचेखाली एकच गलका उठला. मिरच्यांचे ढीग तसेच टाकून बाया धावल्या. ज्यांना काही दिसत नव्हतं, तेच सगळ्यात मोठ्यानं "लई जागृत हाय!" म्हणत होते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. पोरांना उर्दूतून विज्ञान शिकवायचो आणि चारचौघांत मराठीतूनही बोलायला लाजायचो. इतक्या वर्षांनी सगळं नीट आठवतंय का, याची मलाच शंका आहे. पण तो निखारा मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

सुगंधनाथ महाराज कोरा कागद उचलत आणि पेटत्या उदबत्तीचं टोक त्याला टेकवत. जाळ व्हायचा नाही. एक लाल ठिपका मुंगीसारखा कागदावरून चालू लागायचा, वळणं घ्यायचा आणि मागं जळकी रेघ सोडायचा. बघता बघता कुणाला शिवलिंग दिसायचं, कुणाला अणदूरच्या खंडोबाचा खांडा, म्हणजे तलवार. ज्याचा जो देव, तोच उमटायचा!

"ही देवाची सही आहे," महाराज सांगत. "तहसीलदाराच्या सहीला किती खेपा घालता? इथं उदबत्तीच्या एका जुडीत काम! पण उदबत्ती आमचीच हवी. दुसरीला देव ओळखत नाही."

समोर हरणाबाई बसायची. नवरा गेल्यावर घरी उदबत्त्या वळून ती त्या एका टोपलीवर पोट भरत होती. तिची रीत साधी होती: एक काडी पेटवून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची आणि गप्प बसायचं. वास पटला तर जुडी न्यावी. मी कायम तिचाच गिऱ्हाईक, कारण तिथं बोलावं लागायचं नाही.

एका बाजारी महाराजांनी तिचीही काडी मागवून कागदाला टेकवली होती. नुसतं काळं भोक पडलं. "मसणातला कोळसा घालते ही!" महाराज गरजले. तेव्हापासून टोपलीकडे कुणी फिरकेना.

पुढच्या बाजारी मी काडीचा वास घेत उभा असताना किराणावाले महालिंगप्पा आले. बाजारात कुणी कुठं बसायचं, ते हेच ठरवत.

"हरणाबाई, पुढल्या बाजारापासून टोपली आणू नका. लोक भितात."

"शेटजी, कोळसा बाभळीचा हाय. म्या माझ्या हातानं कुटते. टोपली न्हाय आणली तर खाऊ काय?"

"ते मला काय विचारता? देवानंच तुमाला सही दिली न्हाय."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी काडीकडे बघायला लागलो.

तेवढ्यात चिंचेखाली हशा पिकला, तसे महालिंगप्पा आणि मीही तिकडे गेलो. धुळाप्पा धनगर महाराजांपुढे बसला होता आणि त्याच्या कागदावर शिवलिंग उमटलं होतं.

"म्हाराज, आमचा देव खंडोबा! हे कुणाचं दिलं?"

महाराजांनी त्याच्या कपाळाकडे बोट केलं. "मग हे विभूतीचे पट्टे?"

"डोकं दुखतंय म्हनून शेजारच्या शिवकांताबाईनं लावली की!"

आमच्याकडे डोकेदुखीवर विभूती कुणीही लावतं. महाराज परमुलखातले, त्यांना कपाळ वाचता येत होतं, पण कपाळाचं दुखणं नाही.

"तू पूर्वजन्मी शिवभक्त जंगम होतास," महाराज चटकन सावरले.

"मागल्या जन्माचं ऱ्हाऊ द्या, म्हाराज. मेंढरं ह्या जन्मातली हायत."

लोक आणखी हसले. महाराजांनी घाईनं उजव्या झोळीतून दुसरा कागद काढून धुळाप्पापुढे ठेवला. मघाचा डाव्या झोळीतला होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: देव कुठला, हे झोळीतच ठरत होतं. बोलण्यापेक्षा करून दाखवणं मला सोपं होतं. मग मी वाकलो आणि हातातली हरणाबाईची काडी त्या कागदाला टेकवली.

"हात झडेल!" महाराज ओरडले.

हात काही झडला नाही. ठिपका चालू लागला. कागदावर खांडा उमटला.

"आं?" धुळाप्पा म्हणाला. "ही तर हरणाबाईची काडी! देवानं वळखली की!"

मी खिशातला माझा कोरा कागद त्याच्या हाती दिला. "आता... महाराजांची काडी याला लावा." त्यानं लावली. काळं भोक पडलं.

"करामत काडीत नाही, कागदात आहे," मी कसंबसं बोललो. "तेरखेड्याला फटाक्यांच्या दारूत सोरा घालतात ना, तो पाण्यात विरघळवून कागदावर चित्र काढायचं. वाळलं की दिसत नाही. पण ठिणगी लागली की तेवढ्याच रेघेवरून जळत जातं. सोरा खारट असतो."

महालिंगप्पांची सवय अशी, की कुठलाही माल जिभेला लावल्याशिवाय पटत नसे. त्यांनी झोळीतला कागद ओढला आणि त्यावर जीभ फिरवली. एकदा इथं, एकदा तिथं. तोंड वाकडं झालं.

"इथं आळणी, इथं खारट! म्हाराज, तुमचा देव मिठाच्या रेघेवरून चालतोय व्हय?"

"देव रुसला," म्हणत महाराज झोळ्या आवरू लागले. धुळाप्पानं डोक्यावर हात ठेवून विचारलं, "जाता जाता डोकेदुखीचं तेवढं सांगा की!"

मी उपदेश करणारा माणूस नाही, आणि केला तरी कुणी ऐकेल असं वाटत नाही. एवढंच सांगतो: कुणी दोन वस्तूंची परीक्षा दाखवली, तर बाकी सगळं सारखं ठेवलंय का, ते आधी बघा. काडी बदलताना कागदही बदलला, तर ती परीक्षा नव्हे. हे विचारल्यानं कुठलाच देव रागावत नाही. ज्याची झोळी असते, तोच रागावतो.

महालिंगप्पांनी सगळ्यांसमोर हरणाबाईला आपल्या दुकानाच्या सावलीत जागा दिली. टोपलीभोवती गर्दी झाली. एका बाईनं जुडी उचलून हळूच विचारलं, "हिचा गुण काय गं?"

हरणाबाईनं काडी पेटवून तिच्या हाती दिली.

"वास येतो," ती म्हणाली. "दुसरं काय बी न्हाय."