थांब म्हटलं की थांबायचं

सँड्रीनानं ट्रे स्टुलावर टेकवायच्या आतच नर्मदेनं पाय पोटाशी घेतला आणि चादर चारी बाजूंनी खोचून टाकली.

"आज नको. आज माझो उपास आसा."

"काकी, उपासाला ड्रेसिंग चालतं."

"तुमच्यात चालत असात. आमच्यात चलणा नाय."

पलीकडच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. नर्मदेनं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि त्या बाईनं मुकाट्यानं कूस बदलली. मालवणच्या बाजारात मासे घेऊन बसणाऱ्या नर्मदेच्या त्या नजरेपुढं भलीभली गिऱ्हाइकं घासाघीस करायची विसरायची.

जाळं झाडताना शेंगटी माशाचा काटा तिच्या पायाच्या तळव्यात घुसला होता. शुगर जुनी, त्यात पाय सगळा दिवस मिठाच्या पाण्यात. जखम चिघळत गेली. रोजच्या रोज साफ झाली नाही तर बोटं जातील, आणि बोटांवर भागेल असंही नाही, हे डॉक्टरांनी तिला आणि तिच्या मुलाला, सुदेशला, समोर बसवून सांगितलं होतं. त्यावर नर्मदा दोन दिवस शहाण्यासारखी राहिली आणि तिसऱ्या दिवशी गजरा आणते म्हणून बाहेर पडली ती रिक्षात बसून थेट घरी. सुदेशनं तिला परत आणून घातलं होतं.

मुख्य परिचारिका आनंदीबाईंची पद्धत सरळ होती. दोघींनी पाय धरायचा, तिसरीनं गॉज ओढायचं. मिनिटाचं काम. काल ते तसंच झालं आणि नर्मदेच्या ओरडण्यानं केसपेपरच्या रांगेतली माणसं उठून दारात आली. डॉक्टर मात्र चक्रावले. त्यांनी तळव्यावर टाचणी टोचून बघितली होती, एकदा सोडून चारदा. नर्मदा खुशाल खिडकीबाहेर बघत बसली होती.

"तळव्याला जाणीवच नाही," ते आनंदीबाईंना म्हणाले, "मग ही बाई ओरडते कशासाठी?"

"नाटकं," आनंदीबाई म्हणाल्या.

सँड्रीना बाळंतपणाची रजा संपवून याच आठवड्यात कामावर परतली होती. चादरीला तिनं हात लावला नाही. स्टूल ओढून ती खाली बसली.

"काल खूप दुखलं का हो?"

"दुखाक नाय."

"मग?"

नर्मदा चादरीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "दुखला असता तर बरा होता गो. काटो गेलो तेवाय दुखाक नाय. दिवसभर बाजारात बसलंय, घराक इलंय, तेवा सुनेन सांगल्यान, चपलेत रगत आसा म्हणान. आता दोघी माका धरतत, आणि तिसरी थंय खाली बसान काय करता, ता माका दिसणा नाय. कळणा पण नाय. एखादा बोट कापून नेल्यात तरी माका घराक जावन मोजूचा लागतला."

सँड्रीनाला हसू आलं आणि अर्ध्यावरच राहिलं. तिला सकाळचा जॉर्ज आठवला. तिचा आठ महिन्यांचा पोरगा, पण ओला रुमाल अवचित नाकाशी गेला की असा किंचाळायचा की सासू स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातानं धावत यायची. रुमाल आधी त्याच्या हातात दिला, त्यानं तो चावून चाखून बघितला, की मग तेच नाक शांतपणे पुसून घ्यायचा.

तिनं पर्समधला पावडरचा डबा आणला आणि त्याच्या झाकणातला आरसा तळव्यासमोर धरला.

"हे बघा. दिसतंय?"

आरसा रुपयाएवढा. एका वेळी एकच बोट मावत होतं. नर्मदेनं मान वाकडी करून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट बघून घेतलं. "आसत," ती म्हणाली. "सगळी आसत."

"आता ऐका काकी. मी हात लावायच्या आधी सांगणार. पाणी ओतते, तर पाणी ओतते. पुसते, तर पुसते. आणि तुम्ही 'थांब' म्हटलंत की माझा हात तिथल्या तिथं थांबणार. कशासाठी थांबवलं, ते विचारणार नाही."

"इचारूचा नाय?"

"नाही."

नर्मदेनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग चादरीतून पाय बाहेर आला, शिंपल्यातून जीव बाहेर यावा तसा, थोडा थोडा.

दुसऱ्या दिवशी सँड्रीनानं घरून क्लेटनचा दाढीचा आरसा आणला. तांबड्या प्लास्टिकच्या कडेचा, गोल, चांगला पोळीएवढा. नवरा बोटीवर गेल्यापासून आरशाला काही काम नव्हतं.

त्या दिवशी नर्मदेनं तिची परीक्षा घेतली.

"थांब."

हात थांबला.

"तो कावळो बघ, कसो बघता माझ्या पायाकडे. हाकल त्याका."

सँड्रीनानं कावळा हाकलला. हात पुन्हा धुतले, मोजे बदलले, बसली.

"पाणी ओतते."

"ओत." आणि पाणी पडतंय न पडतंय तोच, "थांब. आज बाजारात इसवण इली काय गो?"

"माहीत नाही."

"मगे इचारून घे. मी नसलंय की ते मेले बरफातली इसवण ताजी म्हणान खपयतले." असं करत जखम पुसून होईपर्यंत इतक्यांदा थांबणं झालं की पलीकडची बाई उठून बसून मजा बघायला लागली. शेवटची पट्टी तेवढी राहिली होती, टोक नुसतं खोचायचं. तेव्हाही आवाज आला, "थांब."

सँड्रीनाचा हात हवेत राहिला. बोटांत पट्टीचं टोक, मनगटाला कळ. दारात आनंदीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"सँड्रीना, अख्खा वॉर्ड राहिलाय."

"पेशंटनी थांब म्हटलंय, मॅडम."

नर्मदा आनंदीबाईंकडे बघत होती, सँड्रीनाकडे बघत होती, आणि हवेतल्या त्या हाताकडेही. मग हळूच म्हणाली, "बांध. काय नाय. बघूक म्हणलंय."

त्यानंतर थांबणी कमी होत गेली. गोळ्यांच्या वेळी नर्मदा स्वतःच हात पुढं करू लागली. इंजेक्शन कुठल्या दंडात ते ती ठरवायची, आणि ठरवून झालं की दुसऱ्याच दंडाला मान द्यायची. आरसा धरणं तर तिनं पूर्ण आपल्याकडे घेतलं. पाय गुडघ्यावर आडवा घालून, आरसा तळव्याखाली तिरका धरून ती जखमेची बातमी सांगायची: काल पिवळी होती, आज लाल आसा, कडेक नवी कातडी धरता, कोवळ्या शहाळ्यातल्या मलईसारखी. डॉक्टरांनी राउंडला ती बातमी दोनदा ऐकून घेतली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून विचारली.

गप्पांत एकदा सँड्रीनाच्या घराचा पत्ता निघाला.

"थांब," नर्मदा म्हणाली. "म्हणजे सेलेस्तीनबाय तुझी सासू? ती, बांगड्याचे कल्ले उघडून बघणारी?"

"तीच."

"अगो, ती बांगड्याक आजारी माणसासारखो तपासता. डोळे बघता, पोट दाबता. नर्स ती होवक होयी होती."

घरी हे सांगितल्यावर सेलेस्तीन म्हणाली, "तिका सांग, तिच्या टोपलेतले बांगडे आजारीच असतत." सँड्रीनानं निरोप इमानेइतबारे पोचवला. नर्मदा त्या दिवशी एकदाही थांब म्हणाली नाही. हसताना तिला सुचलंच नाही.

घरी सोडायचा दिवस आला तेव्हा सँड्रीनानं आरसा तिच्या पिशवीत घातला. "रोज निजायच्या आधी दोन्ही तळवे बघायचे. काटा, फोड, काहीही असो. तुमच्या पायाला कळत नाही, तर डोळ्यांना कळलं पाहिजे. आणि ड्रेसिंगला एक दिवसाआड यायचं."

"येतलंय," नर्मदा म्हणाली, आणि खरंच येत राहिली. रिक्षातून, केसांत अबोलीचा वळेसर घालून, जसं काही लग्नाला. व्हिडिओ कॉलवर क्लेटननं एकदा विचारलं, घरी आल्यावर मी दाढी कशात बघून करू? "एका बाईला पाय बघायला दिलाय आरसा," सँड्रीना म्हणाली, आणि तो पुढं काय बोलणार होता ते नेटवर्कनं गिळलं.

लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. व्हरांडाभर आया आणि मुलं. एक रडलं की साथ द्यायला दुसरं, मग सगळा व्हरांडा. ड्रेसिंगच्या खोलीतली दुसरी सिस्टर रजेवर होती आणि बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. सँड्रीना सकाळपासून जागची उठली नव्हती. जॉर्ज बाटली तोंडाला लावू देत नव्हता. दुपारच्या सुट्टीत सेलेस्तीन त्याला रिक्षातून घेऊन यायची आणि मागच्या फणसाखाली सँड्रीना त्याला पाजायची. फोन कपाटात होता. सुट्टीला अजून अवकाश होता, आणि तरी बाहेरच्या प्रत्येक रडण्यासरशी तिच्या छातीत दूध दाटून येत होतं. तिनं कोपर अंगाशी घट्ट दाबून धरलं. लस घेणारी मुलं आहेत, तिनं स्वतःला सांगितलं. सगळीच रडतायत.

"सोडते हं पट्टी."

"सोड." नर्मदा खुर्चीत, पाठ फणसाच्या बाजूच्या खिडकीकडे. जखम आता चिंचोक्याएवढी उरली होती. आरशात तळवा बघून झाला, तसा तिनं आरसा वर नेला आणि वळेसर सरळ आहे की नाही ते बघू लागली. मान इकडं, मान तिकडं. खाली बसलेल्या सँड्रीनाला खिडकीतून फक्त आभाळाचा तुकडा दिसत होता.

नर्मदेची मान एका जागी राहिली. आरसाही.

"पाणी ओतते, काकी."

"थांब."

सँड्रीनाचा हात थांबला. बाटली तिरकी, पाणी तोंडाशी आलेलं. किती दिवसांनी ऐकला होता तो शब्द.

"दुखतंय?"

"खूप दुखता," नर्मदा म्हणाली. "जीव जाता माझो. आता हात लावू नको. माका वायच दम घेवक होयो." आणि मग, जरा तिरसट आवाजात, "आणि तू हय बसान ऱ्हवू नको माझ्या तोंडाकडे बघत. जा भायर. मागल्या दारान जा, पुढे गर्दी आसा."

आनंदीबाई दारात आल्या. "काय झालं?"

सँड्रीना तोंड उघडणार तोच नर्मदा म्हणाली, "पेशंटनी थांब म्हटलंय, मॅडम." शुद्ध मराठीत, कार्यालयात बोलावं तसं.

आनंदीबाईंनी नर्मदेकडे बघितलं. सँड्रीनाच्या अंगाशी दाबलेल्या कोपराकडे बघितलं. मग ओलं गॉज घेऊन नर्मदेची जखम अलगद झाकली आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला हाक मारली.

मागचं दार उघडलं तशी सँड्रीनाला त्या सगळ्या रडण्यातलं एक रडणं वेगळं ऐकू आलं. फणसाखाली सेलेस्तीन लालबुंद जॉर्जला खांद्यावर नाचवत होती. "फोन खंय तुझो?" ती म्हणाली. "आज लवकर भूक लागली त्याका. कधीपासून उभी आसंय." सँड्रीनानं त्याला जवळ घेतलं. तो हुंदके देत देत प्यायला लागला, एक मूठ तिच्या केसांत, जशी होडीच्या दोरात. हुंदके विरळ झाले. पायाची बोटं फाकून मिटली. फणसाचं एक पिकलं पान त्याच्या पोटरीवर पडलं, ते त्यानं तसंच राहू दिलं.

ती परत आली तेव्हा खोलीत हशा चालला होता. नर्मदा बाकावरच्या माणसांना बांगडा तपासणाऱ्या कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होती. आनंदीबाई पाठ फिरवून पट्टी कापत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. सँड्रीनानं हात धुतले, मोजे चढवले, खाली बसली.

"थांब," नर्मदा म्हणाली आणि तिनं आरसा सँड्रीनाच्या तोंडासमोर धरला. "आधी केस बांध. तुझ्या झिलान सगळे ओढून काढल्यान."

आरशात सँड्रीनाला आपला सुटलेला अंबाडा दिसला, खांद्यावर दुधाचा ओला ठिपका दिसला. तिनं मोजे काढून केस बांधले, पुन्हा हात धुतले. कशासाठी थांबवलं ते विचारायचं नव्हतं, तिचाच नियम.

"कुठं दुखत होतं, काकी?" तिनं विचारलं, आणि जिथं टाचणीही कधी पोचली नव्हती तिथं, तळव्याच्या मधोमध, बोट टेकवलं. "इथं?"

नर्मदेनं आरसा खाली नेला. तिरका केला. बोट कुठं आहे ते नीट वाकून बघून घेतलं.

"व्हय," ती म्हणाली. "थंयच."