शिजल्याची तुलना शिजल्याशी

सरांची वाचा गेली आणि त्या घरात बाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकू येऊ लागला.

सर म्हणजे आहारशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. कॉलेजातल्या मुलांची निदान तास संपल्यावर सुटका व्हायची, त्यांच्या बायकोची तीही सोय नव्हती. ताटात पडेल त्याचं लोह किती, जीवनसत्त्वं कोणती, हे ऐकल्याशिवाय बाईंना घास उचलता येत नसे. त्यांना पालेभाज्यांचा मनापासून कंटाळा, जीव मशरूमवर. एकदा त्यांची धाकटी बहीण हौसेनं मशरूम घेऊन आली. सरांनी मशरूम आणि पालक, दोन्ही शिजवायला लावलं. "तुलना करायची तर शिजल्याची शिजल्याशी," म्हणत काट्यावर सारख्या वजनाच्या दोन वाट्या भरल्या. मग पालकात लोह जास्त, फोलेट जास्त, के जीवनसत्त्व तर मशरूममध्ये नावालाही नाही, हे सगळं बहिणीसमोर बाईंकडून शाळकरी मुलीसारखं म्हणून घेतलं. शेवटी मशरूमची वाटी कचऱ्याच्या डब्यात ओतायला लावली, तीही बाईंच्याच हातून. बहीण पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही.

आणि आता हा पक्षाघात. सरांची उजवी बाजू लुळी पडली, जिभेनं दगा दिला. डोकं मात्र शाबूत राहिलं. बाईंच्या दृष्टीनं ते फार बरं झालं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू करताना डॉक्टर म्हणाले, "पालेभाज्या सध्या नकोत. के जीवनसत्त्वानं गोळीचा परिणाम कमी होतो." बाईंनी घरी जाताना वाटेतच मशरूम घेतले.

रोज ते मऊ शिजवून, घोटून त्या चमच्यानं भरवायच्या. "घ्या. नायसिन आहे, सेलेनियम आहे, तांबं आहे. लोह जरा कमी पडतं, पण तुम्हाला आता कुठे डोंगर चढायचाय?" सरांच्या डोळ्यांना धार लागायची. बाई ती हळुवार पुसायच्या आणि पुढचा चमचा भरायच्या. भेटायला येणारे म्हणत, काय सेवा करते हो ही. खरं सांगायचं तर अख्ख्या संसारात बाई इतक्या सुखात कधी नव्हत्या.

पुढच्या तपासणीला सरांनी डाव्या हातानं डॉक्टरांची बाही घट्ट धरली. "पा... पाल..." घामाघूम होऊन त्यांनी एवढंच बाहेर काढलं.

"पालक हवाय?" डॉक्टर हसले. "द्या की हो, वहिनी. वाटीभर, पण रोज तेवढाच. रक्त तपासून गोळी मी जमवून घेईन."

"आजच करते," बाई म्हणाल्या. सर ओक्साबोक्शी रडले.

संध्याकाळी लसणाची फोडणी घरभर दरवळली. बाई दोन वाट्या घेऊन पलंगापाशी बसल्या. सरांनी पालकाकडे बघत आ वासला. बाईंनी त्या उघड्या तोंडात मशरूमचा चमचा घातला.

"डॉक्टरांना तुम्ही काय सांगणार, अहो? आणि मी तर रोज वाटीभर शिजवणार आहे."

मग पालकाची वाटी त्यांनी स्वतःपुढे ओढली. "म्हणा बघू, लोह कशात जास्त?"

सरांच्या घशातून नुसती घरघर आली. बाई त्यांच्याकडे बघत सावकाश जेवल्या. पालक त्यांना आजही आवडला नाही, तरी वाटी त्यांनी चाटूनपुसून संपवली.