बचाव सहायक

“शिवी कोणती, ते लिहिलेलंच नाही!” जगन्नाथ भंगाळ्यांनी आरोपपत्राचा कागद हवेत नाचवला. “‘अभद्र भाषा का प्रयोग किया.’ अरे, पण बोलला काय? साला म्हणाला की त्याच्याही पुढचं काही? क्षमा, ऐकतेस ना?”

“ऐकतेय, बाबा.”

ती ऐकत नव्हती. लॅपटॉपवर नोकरीचा सत्तेचाळिसावा अर्ज उघडा होता.

समोर वेताच्या मोढ्यावर बसलेला अनुप कुशवाहा कानकोंडा झाला होता. तो कारखान्यात क्रेनवर होता. झिजलेल्या साखळीनं माल उचलणार नाही म्हणाला, त्यावरून फोरमनशी वाजलं आणि आठ दिवसांत हातात आरोपपत्र पडलं. आता नोकरी जायची वेळ आली होती. बरुआसागरहून सकाळच्या बसनं झाशीला येताना त्यानं पिशवीभर आलं आणलं होतं, शेतातलं, माती न झटकलेलं.

“बाबूजी,” तो हळूच म्हणाला, “गारी तो हमने दई हती.”

“दी होगी भैया, वो अलग बात है. पर कौनसी दी, ये उनको लिखना पड़ेगा.” बाबांचं हिंदी चाळीस वर्षांनंतरही भुसावळचंच होतं. “मी भर चौकशीत विचारणार, शब्दशः लिखवाइए. बघू या फोरमनसाहेबांची जीभ वळते का!”

“घरात तरणी पोरगी आहे,” आतून आईचा आवाज आला. “आणि हे शिव्यांचा हिशोब मांडून बसलेत.”

“पोरगी कायदा शिकलीय, सिंधू. तिला कळू दे.”

स्वतः बाबा कायदा शिकले नव्हते. टाइम ऑफिसात चौतीस वर्षं कामगारांच्या हजेऱ्या लावून ते निवृत्त झाले. पण कारखान्यातल्या चौकशीला वकील चालत नाही. आरोप असलेल्या कामगाराला कंपनीचाच माणूस शेजारी बसवता येतो, मग तो निवृत्त का असेना. त्याला बचाव सहायक म्हणतात. पहिल्यांदा बाबा नोकरीत असतानाच एका शेजाऱ्यासाठी बसले, आणि मग त्यांनी ती खुर्ची सोडलीच नाही. ओरछा गेटच्या गल्लीत कुणी नवखा माणूस हातात कागद घेऊन फिरताना दिसला की पानवाला न विचारताच सांगायचा, तिसरं घर, हिरवा दरवाजा.

दहावीच्या सुट्टीपासून त्यांची सगळी टिपणं क्षमाच टाइप करत आली होती. साक्षीदाराला विचारायचे प्रश्न, बचावाचं निवेदन, अपील. अर्जात मात्र यातलं अक्षर नव्हतं. तिथे झाशीच्याच एका ज्येष्ठ वकिलांच्या चेंबरचं नाव होतं, ‘तीन महिने, मसुदालेखनात साहाय्य’. दिल्ली, गुरुग्राम, मुंबई, सगळीकडे हाच कागद गेला होता. उत्तर आलंच तर एका ओळीचं यायचं: जागा भरल्या आहेत. मोठ्या विद्यापीठांतल्या मुलांसाठी कुणी ना कुणी फोन करायचं. क्षमासाठी फोन करणारं कोणी नव्हतं. अखेर शुक्रवारी दिल्लीच्या एका फर्मचा मेल आला. सहा महिन्यांची उमेदवारी, काम पटलं तर नोकरी. एकच जागा. मुलाखत पुढच्या सोमवारी, ऑनलाइन.

“दोन पानं टाइप करून दे गं,” बाबा म्हणाले. “मंगळवारी सुनावणी आहे.”

“बाबा, मी तुमची टायपिस्ट आहे का? माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे इथे.”

अनुपला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला असावा. तो उगाच पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

“बरं बरं,” बाबा म्हणाले. “हातानं लिहितो. माझं अक्षर वाचताना साहेबाचा घाम निघेल, तेवढंच.”

रविवार होता म्हणून दुपारी वरण-बट्टी झाली. अनुपलाही आग्रहानं बसवलं. बाबांनी बट्टी दोनदा मागून घेतली आणि आईनं डोळे वटारले. संध्याकाळी ते चपलेचा अंगठा शिवायला बड्या बाजारात गेले आणि तासभर गप्पा मारून परतले. त्या दिवशी एवढंच घडलं. सोमवारी सकाळी दाढी करता करता ते बेसिनवर वाकले, ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत.

*

“सुतकात कसला गं इंटरव्ह्यू?” अनुसूया आत्या म्हणाली. ती भुसावळहून आली होती, आणि आल्यापासून घरातली प्रत्येक गोष्ट तिच्या विचारानं चालली होती. “दहावं तरी होऊ दे. तारीख बदलून घे म्हणावं.”

“विचारलं मी, आत्या. नाही बदलत. मी बसले नाही तर ते यादीतल्या पुढच्याला बोलावतील.”

“पुढल्या साली अप्लाय कर ना,” सुजय म्हणाला. तिचा हा थोरला भाऊ पुण्याहून आला होता. आतापर्यंतचे सगळे विधी त्यानंच केले होते आणि तो थकून गेला होता. “दिवसभर लोग येताहेत. मी अकेला कुणाकुणाला बघू?”

“दादा, तुझी रजा गुरुवारी संपते. वाढवून घेतलीस?”

सुजय वाकून दिव्यात तेल घालू लागला.

“तुझी नोकरी थांबत नाही, मग माझी का थांबायची?”

“ती बसेल,” आई म्हणाली. आठ दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती.

नेट फक्त बाबांच्या खोलीत नीट यायचं. खोलीला दार नव्हतं, पडदा होता. पलीकडे बैठकीत दिवा तेवत होता आणि सतरंजीवर माणसं होती. क्षमा लॅपटॉप घेऊन निघाली तेवढ्यात अनुप उठून समोर आला. त्याची सुनावणी पंधरा दिवस पुढे गेली होती, पण बाजू मांडायला माणूस उरला नव्हता.

“बिन्नू, अब हमाई पैरवी को करहै?” ताई म्हणावं तसं तो तिला बिन्नू म्हणायचा.

“मैं नहीं कर सकती, भैया. कंपनी की नहीं हूँ ना. और वकील को तो वो बैठने ही नहीं देते.”

अनुप गोंधळला. “वकील को नईं बैठन देत? तो फिर बाबूजी कैसें बैठत ते?”

“बाबा वकील नव्ह…” ती थांबली. “वकील नहीं थे, भैया. टाइम ऑफिस में थे.”

“हम तो उन्हें वकीलई समझत रए,” अनुप म्हणाला. “सबरे जनें जेई समझत.”

ती आत गेली. पडदा ओढला.

लॅपटॉपच्या स्क्रीनवर दोघं होती. फर्मच्या भागीदार ऐश्वर्या मॅडम आणि एक तरुण सहकारी. बोलणं इंग्रजीत होतं, अधूनमधून हिंदीत. सुरुवातीचे प्रश्न सगळीकडे विचारतात तसेच होते. मग मॅडम म्हणाल्या, “आम्ही कंपन्यांच्या बाजूनं उभे राहतो. कंपनी रीतसर चौकशी करून माणसाला काढते आणि कोर्टात ती चौकशीच पडते. का पडते?”

क्षमानं पाठ केलेलं उत्तर आठवून पाहिलं. ते आठवलं नाही. दुसरंच काही तोंडून येऊ लागलं.

“आरोपपत्र मोघम असतं म्हणून. शिवी दिली असं लिहितात, कोणती ते लिहीत नाहीत. मग माणसानं बचाव कशाचा करायचा? दुसरं, चौकशी करणारा अधिकारी स्वतःच कंपनीच्या बाजूनं प्रश्न विचारत सुटतो. प्रत्येक प्रश्नाची नोंद करून घेतली, की वरच्या कोर्टात ते आपोआप उघडं पडतं. आणि तिसरं, शिक्षा देताना दहा वर्षांपूर्वीची गैरहजेरी उकरून काढतात. आरोपपत्रात तिचं नावही नसतं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“सुंदर. हे सगळं त्या चेंबरमध्ये शिकलात?”

हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. पडद्यामागे कुणीतरी खोकलं, मग बैठक एकदम शांत झाली. सगळे ऐकत होते.

“नाही, मॅडम. तिथे मी तीन महिने फायलींना नाडी बांधली. मसुदा एकही लिहिला नाही. अर्जातली ती ओळ खोटी आहे.”

तरुण सहकारी सावरून बसला.

“मग कुठे शिकलात?”

“घरी. माझे वडील कामगारांचे बचाव सहायक होते.”

“अच्छा!” मॅडम मोकळेपणानं हसल्या. “ती मंडळी! तारखांवर तारखा मागणारी. आमची निम्मी प्रकरणं त्यांनीच लांबवून ठेवलेली असतात.”

तरुणही हसला. आठ दिवस क्षमाला रडू आलं नव्हतं, आताही आलं नाही.

“माझ्या वडिलांनी कधी तारीख मागितली नाही, मॅडम. ताप असतानाही गेलेत. तारखा कंपनी मागायची, साक्षीदार तयार नसायचे म्हणून. तुमची प्रकरणं पडतात, कारण आरोपपत्र लिहिणाऱ्याला वाटतं, समोरचा अडाणी आहे, त्याला काय कळतंय. शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय हे तो बघतच नाही.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आता त्या हसत नव्हत्या, पण रागावल्याही नव्हत्या.

“तुम्ही स्पष्ट बोलता,” त्या म्हणाल्या. “इथे त्याचा फायदाही होतो आणि तोटाही. निर्णय आज देत नाही. पण ती ओळ खोटी असेल, तर मला ते चेंबरचं नाव खोडावं लागेल. मग ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम केलं, असं दाखवायला कागदावर कुणीच उरत नाही. इथे मी काय लिहू?”

पडदा जरासा हलला. आई उभी होती की अनुप, ते क्षमानं वळून पाहिलं नाही. जे बाबांना एकदाही म्हणाली नव्हती, ते तिनं हिंदीत, बैठकीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

“खोडा ते नाव. मी नऊ वर्षं एकाच सिनिअरच्या हाताखाली काम केलंय. त्यांना फोन करून विचारता येणार नाही, ते गेल्या सोमवारी वारले. लिहून घ्या, मॅडम. जगन्नाथ भंगाळे, झाशी. मी त्यांची ज्युनिअर.”