गॅस असलेलं घर

भज्यांचा आणखी एक घाणा तेलात सोडून आईने डावा खांदा फ्रिजला टेकवला.

"काय होतंय गं?" मी कांदा चिरता चिरता विचारलं.

"ॲसिडिटी. सकाळपासून नुसता चहाच झालाय."

"मग जरा बस ना."

"लोक आलेत, नेत्रा."

हॉलमधून संजयकाकांचा आवाज आला, "वहिनी, भजी एक नंबर! फक्त जरा हिरवी चटणी असती ना, तर..."

"होऊन जाईल, त्यात काय!" उत्तर बाबांनी दिलं. पत्त्यांवरची नजर न हलवता.

वीज नव्हती, म्हणजे मिक्सर नव्हता. आईने वरच्या कपाटातून खलबत्ता उतरवला.

बॉस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरीत जड, ओला बर्फ पडला की फांद्या मोडून तारांवर येतात आणि आमच्या भागातली वीज जाते. ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत शेगड्या विजेच्या. आमच्याकडे गॅस, आणि फायरप्लेसही गॅसचं. त्यामुळे दिवे गेले रे गेले की बाबा फोन घेऊन बसत. "अरे, विचारता काय यार? सामान घ्या आणि या. आपल्याकडे गॅस आहे!" लोक यायचे, राहायचे, आणि जाताना गिरीशचं, म्हणजे बाबांचं, मन किती मोठं, असं दारात उभं राहून एकमेकांना सांगायचे.

आई एका डेंटिस्टच्या ऑफिसात फ्रंट डेस्कला होती. लोकांच्या ठणकणाऱ्या दातांना तारखा द्यायच्या, इन्शुरन्सवाल्यांशी गोड बोलायचं. वादळामुळे ऑफिस बंद राहिलं तरच तिला न मागता सुट्टी मिळायची. त्या सकाळी ती शाल गुंडाळून खिडकीपाशी बसली होती. "आज मी काही म्हणजे काही करणार नाहीये," असं तिने मला चक्क इंग्रजीतही सांगून पाहिलं आणि स्वतःच हसली. तेवढ्यात दिवे गेले.

दुपारपर्यंत घराला वास सुटला. शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा बंद, खिडक्या बंद. तळणाचा धूर पडद्यांत, गाद्यांत, केसांत जाऊन बसला. फायरप्लेसच्या जाळीवर कुणाचे तरी ओले मोजे वाळत होते आणि त्यांच्यासमोर बसूनच माणसं भजी खात होती. सगळ्यांचा सांबार-भात खाऊन झाल्यावर मी कप गोळा करायला गेले, तर एका चहाच्या कपात चोखलेल्या शेवग्याच्या शेंगा. त्यावर सिगरेटची राख. मी तो कप दोन बोटांनी धरून सिंकपर्यंत नेला. आईने माझ्या हातून घेतला, आतलं सगळं बोटांनी काढलं आणि धुतला.

"किळस नाही येत तुला?"

"पाणी गरम आहे तोवर धुऊन घेऊ दे," ती म्हणाली.

जेवली ती सगळ्यांच्या शेवटी, ओट्याशी उभ्याने, पातेल्यातच भात कालवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याखाली बसली ती उठलीच नाही. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागून ॲम्ब्युलन्स आली. ते लोक तिच्या छातीवर दाब देत होते, तेव्हा आधण आटून भांडं जळायला लागलं होतं. प्रीतामावशी, म्हणजे संजयकाकांची बायको, मागून हळूच म्हणाली, "नेत्रा, गॅस बंद कर गं."

नंतर भेटायला येणाऱ्यांनी आम्हाला समजावलं. सवाष्ण गेली. करतीसवरती गेली. कुणाच्या हातचं खावं लागलं नाही, भाग्य लागतं त्याला. हे बोलताना ते आमच्याकडचीच चकली खात होते. मी मान हलवत राहिले. त्यांच्या रिकाम्या बशा उचलत राहिले.

या फेब्रुवारीत पुन्हा वादळाचा इशारा आला. बाबा एकटे नकोत, म्हणून मी बॉस्टनहून आदल्या दिवशीच आले. दुपारी दिवे गेले आणि बाबांनी फोन उचलला.

"बाबा, नको."

"अगं, त्यांच्याकडे हीट नाहीये. घर भरलं की मलाही बरं वाटतं गं." मग फोनमध्ये, "ये रे संजय. हो, नेत्रा आहे ना! करेल ती."

ते दोघं आले तेव्हा दारातच त्यांनी बुटांवरचा बर्फ झाडला. प्रीतामावशीने इडलीच्या पिठाचा डबा माझ्या हातात दिला आणि माझ्या गालाला थंडगार हात लावला.

"तू काहीही करू नकोस हं, राणी. नुसत्या इडल्या लाव. आणि जमली तर चटणी."

संजयकाका मोजे काढत होते. ते त्यांनी फायरप्लेसच्या जाळीवर पसरले. वाफ निघाली. "सुलेखावहिनींची आठवण येते बघ," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरले होते. "काय आवड होती त्यांना लोकांना खाऊ घालायची!"

"आवडच तिला," बाबा म्हणाले. ते स्वयंपाकघरात आले होते, एकेक खण उघडून बघत होते. विजेशिवाय शेगडीची ठिणगी पडत नाही, काडी लावावी लागते. "नेत्रा, काड्यापेटी कुठे ठेवायची गं ती?"

इतकी वर्षं या घरात राहिलेला माणूस. खण उघडा, हात तसाच, चेहऱ्यावर थोडं लाजरं हसू.

मी पिठाचा डबा ओट्यावर ठेवला. झाकण काढलं नाही.

"काका, मावशी, बसा. ऊब आहे, रात्री गाद्याही घालून देईन," मी म्हणाले. "वादळ संपेपर्यंत राहा. पण इथे रांधणार मी नाही."

"अगं, असं काय..." बाबा म्हणाले.

प्रीतामावशीने ओढणी सारखी केली. खिशातून काढलेला पत्त्यांचा जोड काकांच्या हातात तसाच राहिला. माझा आवाज चढला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

"आईला आवड नव्हती, बाबा. तुम्ही सगळ्यांना बोलवायचात आणि ती तुम्हाला 'नाही' म्हणू शकायची नाही, एवढंच होतं. तुमच्या या मोठ्या मनाची मला किळस येते."