पिवळा पाहुणा

सिस्टरने भांड्यातल्या नातीच्या लघवीत कागदाची पट्टी बुडवली, झटकली आणि उजेडात धरली. निळी व्हायला हवी होती. पिवळटच राहिली.

"पट्टीपण माझ्यासारखीच दिसते, हट्टी," आजोबा म्हणाले.

सिस्टर हसली नाही.

नातीच्या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध लिंबाच्या सालीसारखं पिवळं होतं. आजोबांनी त्याची गोष्ट रचली होती : हा पाहुणा चोर पकडायला येतो, पण काम झालं की मागच्या दाराने घालवावा लागतो. मुक्काम लांबला तर घराच्याच भिंती खातो. म्हणून घटाघटा पाणी प्यायचं. थापा मारण्यात आजोबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका मगरीची दाढ आपण काढली, हे ते शपथेवर सांगत.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आत आल्या.

"औषध रक्तातून उतरत नाहीये. मूत्रपिंडं थकलीत. आंबट काही, बाटलीतलं थंड पेय, दिलंय का कुणी? त्याने लघवी आंबट होते, पट्टी पिवळी राहते, औषध आतच अडकतं."

"पाण्याशिवाय काही नाही," आजोबांची लेक, नातीची आई, म्हणाली.

आजोबा उभे राहिले. "मी दिलं. काळं, फेसाचं. पाणी गिळेना, म्हटलं काहीतरी पातळ पोटात जाऊ दे."

"बाबा, आत्ता नकोत तुमच्या गोष्टी."

"गोष्ट नाही गं ही."

"आजोबांनी काही दिलं नाही," फोड आलेल्या ओठांनी नात म्हणाली. "आईशप्पथ."

कुणाला सांगायचं नाही, असं तिला बजावलं होतं त्यांनीच. खोटं बोलताना पापणी न लवू देणंही त्यांनीच शिकवलेलं.

आजोबांनी आपल्या मिटलेल्या छत्रीत हात घातला आणि तिथे लपवलेली रिकामी बाटली टेबलावर ठेवली.

लेक बाटलीकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी सलाईन वाढवायला सांगितलं, उताऱ्याचं इंजेक्शन वाढवलं.

"आता आम्ही काय करायचं?" लेकीने विचारलं.

"वाट बघायची."

नात भिंतीकडे तोंड करून पडली. बऱ्याच वेळाने वळली.

"चुगली केलीत."

"केली."

"पाहुणा गेला का?"

सिस्टरच्या हातातली नवी पट्टीही पिवळटच होती. आजोबांनी तोंड उघडलं. मगरी, चोर, मागचं दार, सगळं जिभेवर तयार होतं.

"माहीत नाही, बाळा."

नातीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पाण्याच्या पेल्यासाठी हात पुढे केला.