लंघन

तातेराव सरांचं वाटोळं व्हावं, असं प्रभावती चार वर्षं रोज मनात म्हणत आली होती. जालन्याच्या कॉलेजात ते तिचे गाईड. त्यांनी तिच्याकडून घरचं दळण आणवलं, मुलीच्या वह्या लिहून घेतल्या आणि प्रबंध पुरा व्हायच्या आधीच तिचे आकडे स्वतःच्या नावाने छापून टाकले. वाटूरहून एसटीने ये-जा करणारी ही पोरगी मुकाट राबली, कारण तिला डॉक्टरेट हवी होती.

काम असं, की उंदरांचा पिंजरा औरंगाबादच्या दवाखान्यात न्यायचा, कॅन्सरच्या मशीनखाली त्यांना किरणं द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी यकृत काढून त्यातलं एक एन्झाइम मोजायचं. किरणं न दिलेल्या उंदरांपेक्षा ते निम्म्यावर आलेलं असायचं. दरवेळी, अगदी बिनचूक. सर खूश होते.

तोंडी परीक्षेच्या पंधरा दिवस आधी प्रयोगशाळेत उरलेल्या उंदरांपैकी एक मलूल पडला होता. शिपाई कडूबा त्याची दाण्याची वाटी काढून घेत होता. तिने कारण विचारलं.

"आजारी हाये बाई. आजाऱ्याला लंघन बरं. मशीनखालून आलेल्यायलाबी मी पह्यल्यापासून उपाशीच ठेवल्तं. गावाकडं ढोरायलाबी आसंच करतेत."

तिने दोन धडधाकट उंदीर दिवसभर उपाशी ठेवले, किरणं न देता. एन्झाइम तेवढंच उतरलं. म्हणजे चार वर्षं तिने किरणं नव्हे, भूक मोजली होती.

सरांनी ऐकून घेतलं आणि बजावलं, की शिपायाच्या अकलेचं कौतुक पुरे, तोंड बंद ठेव आणि डॉक्टर हो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चहा घेता घेता विचारलं, दोन्ही गटांचं खाणं सारखंच होतं ना? सरांनीच परस्पर सांगून टाकलं, अगदी सारखं. वर तिच्याकडे बघून हसले. ते हसू तिच्या डोक्यात गेलं. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नये, असं आई नेहमी म्हणायची. प्रभावतीने कापलं.

"नाही. किरणं दिलेले सगळे उंदीर उपाशी होते. एन्झाइम उतरलं ते भुकेनं. सरांना हे माहीत आहे."

सरांचा कप बशीत वाजला. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. आपली चार वर्षं गेली हे तिला कळत होतं, रडू येत होतं, तरी सरांचा पडलेला चेहरा ती डोळे भरून बघत राहिली.

दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या कडूबाला एवढंच कळलं, की साहेबांपुढे आपल्या कामाची गोष्ट निघाली आहे. तो अदबीने पुढे आला.

"एकच दिवस ठेवल्तं साहेब. जास्त न्हाई."