बाहेरची कडी

माधवीने कडी शेवटपर्यंत सरकवली, दांडा खाली पाडला आणि दाराला कान लावला. आत खाट करकरली.

"लागली?" रोहिदासने आतून विचारलं.

"लागली."

"ढकलून बघ."

तिने तळहाताने दार ढकललं. ते हललं नाही. आतून पुन्हा काही आवाज आला नाही तेव्हा ती वळली. पडवीत तिची सासू इंदूबाई भिजवलेले वाल सोलत बसली होती, आणि तिच्यासमोर शेजारची मोतीबाई. ती केव्हा येऊन बसली ते माधवीला कळलंच नव्हतं. मोतीबाईच्या चिमटीत एक वाल अर्धा सोललेला तसाच राहिला होता.

"आत कोन हाय गं?"

"हे झोपलेत," माधवी म्हणाली.

"आन् कडी भायेरनं?"

मोतीबाईने इंदूबाईकडे पाहिलं. इंदूबाई परातीतून मान वर करेना.

"आमी कोंबड्या डालतो तसा डाललाय व्हय पोराला?" मोतीबाई हसली. "का चावतो बिवतो?"

"बोटं चालव तुजी," इंदूबाई म्हणाली. "तोंड नको."

मोतीबाईने तो वाल सोलून परातीत टाकला, आणखी चार सोलले, आणि चुलीवर दूध ठेवून आल्याचं आठवून उठली. अंगणाच्या कडेला पोचल्यावर तिने एकदा वळून त्या दाराकडे पाहिलं.

"झालं," इंदूबाई म्हणाली. "दिवेलागणीपर्यंत साऱ्या आळीला कळंल. सुनंनं नवऱ्याला कोंडला."

रोहिदास विजेचे मनोरे उभारणाऱ्या एका कंपनीत फिटर होता. कंपनीने त्याला सुदानला पाठवलं आणि तो गेल्यावर थोड्याच दिवसांत तिथे लढाई पेटली. एका पहाटे हत्यारबंद माणसं कामगारांच्या तंबूंत शिरली आणि त्याला व आणखी काही जणांना गाडीत घालून घेऊन गेली. सव्वा वर्ष तो कुठे होता, हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. कधी शाळेची खोली, कधी गोदाम, कधी नुसते चार पत्रे. गेल्या गणपतीत तो परत आला. भिवपुरी स्टेशनवर हार होते, ढोल होता, दोन पत्रकारही आले होते. तो सगळ्यांकडे बघून नीट हसला होता. त्याने प्रत्येकाला नावाने ओळखलं. घरी आल्यावर आईने केलेलं सगळं जेवला. त्या रात्री तो खाटेवर बसून राहिला, आणि त्यापुढच्याही.

तो झोपत नव्हता. पडून राहायचा, पण नजर दारावर. कर्जतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वेळ द्यावा लागेल म्हणाले. गोळ्यांनी त्याची जीभ जड झाली आणि डोळे लाल झाले, मिटले मात्र नाहीत.

कडीचं माधवीला चुकून सापडलं. एका दुपारी वारा होता आणि त्याच्या खोलीचं दार सारखं आपटत होतं, म्हणून तिने ते बाहेरून लावून घेतलं आणि मागच्या परसात कपडे वाळत घालायला गेली. परतताना खिडकीच्या फटीतून तिने आत पाहिलं. रोहिदास कुशीवर झोपला होता. तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली, छाती सावकाश वरखाली होत होती. दोन-तीन तास तो तसाच होता.

ती शिळफाट्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. एकदा आलेलं उत्तर दुसऱ्यांदा तपासून बघायची तिला सवय होती. दुसऱ्या दुपारी तिने दार नुसतं ओढून घेतलं. तो जागा राहिला. तिसऱ्या दुपारी कडी लावली. झोपला. मग तिने त्याला आतली कडी लावून बघायला सांगितलं, तर त्याने ती लावली आणि तिच्याकडेच बघत बसला.

"आतली कडी आपन लावतो," तो नंतर म्हणाला होता. "तिनं कोण थांबत नाय."

"आणि बाहेरची?"

त्याने तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते एवढंच होतं: तिकडे हलवाहलव रात्री व्हायची. दिवसा कोंडून ठेवायचे. बाहेरून कडी लागली की अंधार पडेपर्यंत कोणी येणार नाही, हे नक्की असायचं. दिवसा कडी निघाली तर ती कोणाला तरी न्यायला निघायची. कधीकधी ते सकाळीच काढून ठेवायचे आणि निघून जायचे. दार नुसतंच लोटलेलं. ते सगळ्यात वाईट.

"कारण?"

"कारण मग कोणीबी केवाबी येनार," तो म्हणाला.

तेव्हापासून रोज जेवणानंतर माधवी कडी लावत होती आणि सूर्य डोंगराच्या खांद्याला टेकला की काढत होती. रात्री तो पडवीत बसून राहायचा, पण दुपारी झोपायचा. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जरा उतरली आहेत असं तिला वाटायचं. अंगावर थोडं मांसही दिसू लागलं होतं. तिने रजा वाढवून घेतली, मग पुन्हा वाढवून घेतली. आता लॅबवाल्यांनी सोमवारपासून या, नाहीतर दुसरी मुलगी घेतो, असं सांगितलं होतं. सकाळी पावणेआठला निघून संध्याकाळी दिवे लागल्यावर परत. म्हणजे दुपारची कडी दुसऱ्या कोणाला तरी लावावी लागणार होती, आणि घरात दुसरं होतं कोण?

तिने घरामागे जाऊन खिडकीच्या फटीला डोळा लावला. रोहिदास झोपला होता. तोंड किंचित उघडं, हात गालाखाली. ती परत पडवीत आली आणि मोतीबाईच्या जागी बसून वाल सोलू लागली.

"आई, सोमवारपासून तुम्ही लावाल ना?"

इंदूबाईने ऐकलं नसल्यासारखं केलं.

"नुसती सरकवायची आणि दांडा पाडायचा. आवाज नीट आला पाहिजे. मग एकदा ढकलून दाखवायचं."

"मला नाय जमायचं."

"जड नाहीये."

"जड हाय," इंदूबाई म्हणाली. तिने हातातला वाल पुन्हा पाण्यात टाकला. "तुला ठाव हाय ना, तो तिकडं व्हता तवा मी ह्या घराचं दार लावलं नाय. सव्वा वर्ष. पावसात नाय, थंडीत नाय. रात्री कुत्री येऊन चुलीशी निजायची, तरी नाय लावलं. लोकं म्हनायची, म्हातारी येडी झाली. म्हटलं, पोर आलं आन् दार बंद दिसलं तर?" तिचा आवाज चढला नव्हता. "आन् आता तो आलाय तर मी त्येला कोंडू? माज्या हातानं?"

"त्यांना झोप लागते, आई. एवढंच आहे ते."

"झोपंला कडी लागती व्हय कुनाच्या?"

"त्यांच्या लागते."

इंदूबाई उठली. परात उचलून आत घेऊन गेली. वाल अजून निम्मे सोलायचे होते.

पुढचे दोन दिवस तो विषय निघाला नाही. शनिवारी संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून इंदूबाई माधवीच्या जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या दाखव कशी लावायची ती."

"दाखवायचं काय त्यात? तुम्ही रोज बघता."

"रोज मी तिकडं बघत नाय," इंदूबाई म्हणाली.

रविवारी जेवणं झाल्यावर माधवी उशी घेऊन रोहिदासच्या खोलीत गेली. तो परतल्यापासून दोघं एका खोलीत झोपली नव्हती. तो खाटेच्या कडेला बसला होता. त्याने उशीकडे पाहिलं.

"तू कशाला?"

"उद्यापासून आई लावणार आहेत. आज मी आत राहते. जमतंय का बघू."

त्याने थोडा विचार केला. मग भिंतीकडे सरकून तिला जागा करून दिली.

इंदूबाई दारात उभी होती. पदर खोचलेला, जणू शेतात उतरायचं होतं. तिने दोघांकडे पाहिलं, दार ओढून घेतलं. लोखंडावर लोखंड घासलं आणि दांडा खाली पडला.

"लावली रं."

"ढकलून बघ, आये."

दार दाबलं गेलं. हललं नाही. रोहिदासचे खांदे सैल झाले. त्याच्या श्वासाची लय बदललेली माधवीला पाठीशी जाणवली. ती छताकडे बघत पडून राहिली. बाहेर परसात कोंबडी कुरकुरत होती. लांब घाटाकडून मालगाडीचा आवाज येत होता.

मग तो आवाज आला. इतका हळू, की कान तिकडे नसता तर ऐकूच आला नसता. लोखंड बोटभर सरकलं आणि थांबलं. पुन्हा बोटभर. पुन्हा थांबलं. शेवटी सुटं झालं. अनवाणी पावलं टाचा उचलून दूर गेली.

रोहिदासचे डोळे उघडे होते.

"काढली," तो कुजबुजला.

"मी सांगते त्यांना." माधवी अर्धी उठली. त्याने तिचं मनगट धरलं. बोटं गार होती.

"नको."

"अहो, पण तुम्हाला झोप..."

"ऱ्हाऊ दे. सव्वा वर्ष दार लावलं नाय तिनं. चुलीशी कुत्री निजायची तरी नाय लावलं. तिला नाय जमायचं ते."

माधवी तशीच अर्धी उठलेली राहिली. ते वाक्य इंदूबाईने वाल सोलताना म्हटलं होतं. दार लावलेलं होतं तेव्हा. त्याच्या जरासंच आधी ती खिडकीच्या फटीतून बघून आली होती. तेव्हा तो झोपलेला दिसला होता.

रोहिदास खाटेवरून उतरला. त्याने पाय टेकवले, पण आवाज झाला नाही. दारापाशी जाऊन तो खाली बसला आणि दाराला पाठ लावली, गुडघे छातीशी. थोड्या वेळाने माधवी उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिनेही पाठ टेकली. दोघांच्या वजनाखाली दार चौकटीत घट्ट बसलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. बाहेर कुठे पाऊल वाजलं, टोप पडला, कोणी अंगणातून हाक मारली, की प्रत्येक वेळी त्याचा खांदा तिच्या खांद्याशी टणक व्हायचा आणि मग कितीतरी वेळाने सैल पडायचा. खिडकीच्या फटीतली उन्हाची रेघ जमिनीवरून सरकत खाटेच्या पायाशी गेली, पायावर चढली, फिकी झाली.

पडवीत इंदूबाईची बांगडी वाजली. माधवीला ती नंतर कळली. रोहिदास तेवढ्यात उठून उभा होता. त्याने तिला हाताला धरून उठवलं, खाटेकडे नेलं, स्वतः आत सरकला आणि कुशीवर वळला. हात गालाखाली गेला. तोंड किंचित उघडलं. छाती सावकाश वरखाली होऊ लागली. तिने इतक्या जवळून बघूनही पापण्यांत कुठे हालचाल दिसली नाही. गालाचा स्नायू सैल, ओठांच्या कोपऱ्यात लाळेचा बारीक ओलावा. पहारेकऱ्याने दारातून कितीही वेळ बघितलं असतं, तरी त्याला तो झोपलेलाच दिसला असता.

बाहेर कडी हळूच आत सरकली. मग ती खाडकन मोठ्याने निघाली.

"उठा रं," इंदूबाई दारातून म्हणाली. "तिन्हीसांजा झाल्या." तिच्या पाठीमागे अंगणात उजेड पिवळा होता आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांत न दिसलेलं काहीतरी होतं. "लागली का झोप?"

रोहिदासने डोळे उघडले, मिचकावले, हाताने चोळले. आळस दिला.

"लागली, आये. मस्त लागली."

"बग. म्हनत व्हते ना मी." काय म्हणत होती ते तिने सांगितलं नाही. ती माधवीकडे वळली. "तू जा उद्या बिनघोर. मी हाय. एवढं जड नाय ते."

रोहिदास तोंड धुवायला मोरीकडे गेला. इंदूबाई त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली, आणि मग आवाज खाली आणून तिने सुनेला विचारलं,

"खरंच झोपला व्हता ना गं? तू जवळ व्हतीस."

माधवीने चादरीची दोन टोकं जुळवली. नीट घडी घातली. घडीवरून हात फिरवला.

"हो," ती म्हणाली. "रोजच्यासारखेच."